भीमगड रानातल्या वयस्कर माणसांच्या आठवणी रेकॉर्ड करायच्या आहेत: साधनं, प्रश्न, परवानगी यासाठी मदत हवी

मलप्रभाकाठ (प्रश्न)

नमस्कार मंडळी. खानापूर तालुक्यात भीमगड अभयारण्याच्या हद्दीत जी गावं आहेत (तळेवाडी, गवाळी, पास्टोली, कोंगळा, देगाव ही बाजू) तिथल्या सत्तरीपुढच्या माणसांच्या मुलाखती घ्यायचं आम्ही चौघांनी ठरवलंय. २०११ साली अभयारण्य झालं, आणि आता तळेवाडीसारख्या गावातून कुटुंबं बाहेर पडू लागलीत. गाव पांगलं की कोण कुठल्या रस्त्यानं मीठ आणायचं, कुमरी (रान तोडून-जाळून केलेली फिरती शेती) कुठं व्हायची, गवळीवाडे कुठं होते हे सांगणारं एका जागी कुणी सापडणार नाही.

आमच्याकडे दोन साधे अँड्रॉइड फोन आणि मागून आणलेला एक छोटा रेकॉर्डर (झूम एच-१ एन) आहे. पैसे फार नाहीत. विचारायचं ते असं:

फोनवर केलेलं रेकॉर्डिंग पुढं टिकतं का? प्रश्नांची यादी कशी करावी? सालं कुणालाच आठवत नाहीत, ती कशी लावायची? संमतीचा कागद कसा असावा? आणि वनहक्काचे दावे चालू असलेल्या गावात हे काम केल्यानं लोकांचं नुकसान तर होणार नाही ना? हा शेवटचा प्रश्न आमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा आहे.

आवाज_टिळकवाडी

फोन चालतो, पण तीन गोष्टी पाळा. विमान मोड चालू ठेवा. त्या रानात नेटवर्क येतं-जातं, ते शोधण्यात बॅटरी संपते, आणि मधेच फोन आला तर बरीच ॲप रेकॉर्डिंग थांबवतात. दुसरं, एमपी-थ्री नको, डब्ल्यूएव्ही (आवाज न दाबता साठवणारी) फाइल करणारं ॲप घ्या. तिसरं, फाइल व्हॉट्सॲपवर आवाज म्हणून पाठवू नका, ती दाबली जाते. पाठवायचीच असेल तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा.

तरी मुख्य रेकॉर्डिंग रेकॉर्डरवरच करा, फोन राखीव म्हणून बाजूला चालू असू द्या. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट ठेवा. स्टिरिओमध्ये तासाला साधारण १ जीबी लागतो, मोनोत त्याच्या निम्मा. तुमच्या रेकॉर्डरला ३२ जीबीपर्यंतचं कार्ड चालतं, म्हणजे एका कार्डावर तीस तास बसतील. पण एवढं एकाच कार्डावर साठवू नका, ८ किंवा १६ जीबीची दोन-तीन कार्डं फिरवा. बॅटरी लहान ट्रिपल-ए दोन लागतात. प्रत्येक माणसाकडे बसताना नव्या घाला, अर्ध्या संपलेल्या टॉर्चला वापरा.

लेव्हल आपोआप बदलणारी सोय बंद करा. ती चालू असली की माणूस बोलायचा थांबला रे थांबला की मागच्या कोंबड्या आणि चुलीचा आवाज वर येतो. हातानं लावा: साधं बोलणं उणे १२ डेसिबलच्या आसपास, मोठा आवाज उणे ६ च्या वर नको. म्हशींना हाळी कशी घालायची हे दाखवायला सांगणार असाल तर आधी लेव्हल खाली घ्या. एकदा आवाज फाटला की तो कुठल्याही सॉफ्टवेअरनं नीट होत नाही.

माइक कुठं लावायचा यात लोक हमखास फसतात. कॉलर माइक हनुवटीखाली एक वीत अंतरावर. पण बायांच्या पदराला लावला तर दर हालचालीला खसखस येते, आणि मंगळसूत्राचे मणी माइकवर आपटले की टकटक येते ती वेगळीच. त्यापेक्षा रेकॉर्डर घडी घातलेल्या घोंगडीवर, तोंडापासून हात-दीड हातावर ठेवा. लाकडी बाकावर किंवा स्टीलच्या डब्यावर ठेवू नका, बोटाचा ठोकासुद्धा धडाड येतो. हातात तर कधीच धरू नका. अंगणात बसणार असाल तर वाऱ्यासाठी माइकवर केसाळ टोपी हवी, नुसता स्पंज पुरत नाही.

जागा म्हणाल तर कुडाच्या भिंती आणि शेणानं सारवलेली जमीन असलेलं जुनं घर सगळ्यात चांगलं. नव्या सिमेंटच्या खोलीत आवाज घुमतो. तिथं बसावं लागलं तर भिंतीला चादरी, घोंगड्या टांगा. पावसाळ्यात पत्र्याखाली काम होणारच नाही, नादाला लागू नका. संध्याकाळी किडे सुरू होतात. त्यांचा आवाज आणि आपले स, श, च साधारण त्याच पट्ट्यात येतात, म्हणून नंतर किडे काढायला गेलात तर बोलणंही बोथट होतं. सकाळी ९ ते ११ ही वेळ बरी.

बोलणं संपल्यावर सगळ्यांनी अर्धा मिनिट गप्प बसून त्या जागेचा नुसता आवाज घ्या. पुढं कापाकापी करताना जोड द्यायला तो लागतो.

शिवार_नंदगड

प्रश्नांची यादी नेऊ नका, विषयांची न्या. एका पानावर दहा-बारा शब्द पुरे: पाणी, मीठ, बी, आजार, बाजार, जनावरं, फॉरेस्टवाले, लग्न, वाट, देव. "तुमचं आयुष्य कसं होतं ते सांगा" असं विचारलं की "काय सांगायचं, कष्टच होते की ओ" एवढंच मिळतं, आणि त्यात त्यांचा काहीच दोष नाही. हाताच्या कामावरून विचारलं की तोंड मोकळं होतं.

कुमरीचंच घ्या. रान तोडायला सुरुवात कुठल्या महिन्यात? कुठली झाडं ठेवायचे आणि का? तोडलेलं किती दिवस वाळायचं? जाळायचा दिवस कोण ठरवायचं, आणि आग शेजारच्या रानात जाऊ नये म्हणून काय करायचे? राख झाल्यावर नाचणी फेकायची की रोप लावायचं? पहिल्या साली काय, दुसऱ्या साली काय? तो तुकडा सोडला की परत किती वर्षांनी धरायचे? गवा आणि डुकरं येऊ नयेत म्हणून माळ्यावर कोण बसायचं, रात्री किती जण? एवढं नीट विचारलं तर तासभर सहज जातो. जमीन कुणाची मानायचे, फॉरेस्टवाल्यांशी काय व्हायचं, हे सगळं त्यात ओघानं येतं, वेगळं विचारावं लागत नाही.

गवळीवाड्यातल्या माणसांना म्हशी किती हे आधी विचारू नका, सरकारी मोजणी वाटते. पावसाळ्यात वाडा कुठं हलवायचे, लोणी कढवून तूप करायला चूल कुठली, ते खानापूर-बेळगावला कशातून न्यायचे, वाटेत मुक्काम कुठं, हे विचारा. हिरडा, शिकेकाई, मध, वेत, बांबू यांचंही तसंच: कोण गोळा करायचं, ठेकेदार कुठं यायचा, वजन कोण करायचं, उचल आधी मिळायची का. लाकडाचे कूप (तोडीसाठी आखलेले रानाचे तुकडे) आणि कोळशाच्या भट्ट्यांवर काम केलेली माणसं अजून आहेत. भट्टीची उंची, मातीचा लेप, धुराचा रंग बदलला की काय समजायचं, हे विचारा.

मापं ऐकून घेऊन तशीच लिहा, पण तेवढ्यावर थांबू नका. शेर, पायली, कुडव गावागणिक वेगळे असायचे. घरात जुनी पायली असेल तर पाणी भरून लिटरच्या मापानं मोजा, फोटो काढा, आणि हे सगळं रेकॉर्डिंगमध्ये बोला. "खंडीभर बियाण्याची जमीन" म्हणाले तर त्याच माणसाला ती जागा चालून दाखवायला सांगा.

सालांबद्दल. तुम्ही साल सुचवू नका. "१९६० च्या सुमारास का?" म्हटलं की होय म्हणतात, आणि पुढं ते साल कायमचं चिकटतं. आधी त्यांच्याच आयुष्यातली खूण विचारा: लग्नाआधी की नंतर, थोरलं पोर पाठीवर होतं का, सासरा होता का. मग सगळ्यांना ठाऊक असलेल्या घटनेशी जोडा. आपल्या भागात चालणाऱ्या खुणा अशा: भाग मुंबई राज्यातून म्हैसूरला गेला तो दिवस (१ नोव्हेंबर १९५६), गोवा घेतला तेव्हा बेळगावात लष्कर जमलेलं (डिसेंबर १९६१), कोयनेचा भूकंप (११ डिसेंबर १९६७, पहाटे), १९७२ चा दुष्काळ, आणि दुपारी अंधारून आलेलं सूर्यग्रहण (१६ फेब्रुवारी १९८०). हे ग्रहण पोरांना घरात कोंडून घातल्यामुळं बायांना चांगलं आठवतं. पैसे आण्यात सांगितले तर १ एप्रिल १९५७ च्या आधीचं असण्याची शक्यता, कारण त्या दिवसापासून नवे पैसे आले.

एका बैठकीत दीड तासाच्या वर जाऊ नका. पहिल्या बैठकीचं ऐकून, नकाशा बघून, आठवडाभरानं परत जा. खरा ऐवज दुसऱ्या बैठकीत येतो. तिसरी बैठक शक्य असेल तर चालत करा: जुनं गावठाण, बुजलेली विहीर, जमिनीत रुतलेलं उखळ, कुमरीच्या उतारावरचे दगडी बांध. प्रत्येक ठिकाणी थांबून जागेचं नाव, दिशा आणि जीपीएसचे आकडे मोठ्यानं बोला. सर्व्हे ऑफ इंडियाचा ४८ आय मालिकेतला नकाशा या भागाचा आहे. त्यावरची नावं आणि लोकांची नावं जुळत नाहीत, दोन्ही लिहून ठेवा. चालताना दोघं हवेत, एक बोलायला आणि एक माइक धरायला. वयस्कर माणसाला उतारावर नेऊ नका, वरूनच हात करून दाखवू दे. उन्हं कलायच्या आत परत फिरा, हत्ती आणि गवे आहेत.

भाताची मळणी उरकल्यावर, म्हणजे फेब्रुवारी ते एप्रिल, माणसं मोकळी असतात. मिरगानंतर ओढे भरले की निम्मी गावं तुटतात.

वकिली_टाचण

शेवटच्या प्रश्नाबद्दल लिहितो, कारण यात चूक झाली तर ती भरून निघत नाही.

वनहक्क कायदा २००६ च्या नियमांतल्या १३ व्या नियमात पुराव्यांची यादी आहे. त्यात दावेदाराव्यतिरिक्त इतर वडीलधाऱ्यांचा लेखी घेतलेला जबाब येतो, वंशावळ येते, विहिरी, स्मशान, देवस्थानं यांसारख्या जुन्या खुणा येतात, आणि गॅझेटियरसारखे सरकारी दस्तऐवजही येतात. बेळगावचं १८८४ चं मुंबई इलाख्याचं गॅझेटियर यासाठी जरूर बघा. ग्रामसभा आणि वरच्या समित्यांनी एकापेक्षा जास्त पुरावे विचारात घ्यायचे असतात. म्हणजे तुमची मुलाखत एकटी पुरेशी नाही, पण निरुपयोगीही नाही.

अडचण इथं आहे. आपल्याकडचे बहुतेक दावेदार 'इतर पारंपरिक वननिवासी' या गटात मोडतात. त्यांना १३ डिसेंबर २००५ च्या आधी तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षं, वनात राहणं आणि वनावर अवलंबून असणं दाखवावं लागतं. हिशेब १९३० पर्यंत मागं जातो. आता आजोबा सहज बोलून गेले, "हे शेत आमच्या बाबांनी राज्य बदललं त्या साली काढलं", तर कुणीतरी तेवढंच वाक्य उचलून म्हणणार की कुटुंब १९५६ चं. वस्तुस्थिती अशी असते की कुटुंब त्याच रानात पिढ्यान् पिढ्या आहे, फक्त तुकडा बदलला, कारण कुमरीत तुकडा बदलणारच. म्हणून शेताचं साल आलं की लगेच पुढचा प्रश्न विचारा: त्याआधी घर कुठं होतं, कुठलं शेत होतं, आजा कुठं पुरला. आणि १९४० साली जन्मलेला माणूस १९३० चं सांगत असेल तर ते त्यानं कुणाकडून ऐकलं हे नावानिशी रेकॉर्डिंगमध्ये यायला हवं.

दाव्याचा जबाब आणि आठवणींची मुलाखत एकाच बैठकीत घेऊ नका. जबाब छोटा, नेमका, ग्रामसभेपुढं, सही किंवा अंगठ्यानिशी. मुलाखत लांब, मोकळी. ज्यांचा दावा प्रलंबित आहे त्यांची मुलाखत दाव्याचा निकाल लागेपर्यंत बाहेर कुणाला ऐकवू नका.

स्थलांतराचा विषय निघणारच. संकटग्रस्त वन्यजीव अधिवास म्हणून लोकांना हलवायचं तर कायद्याच्या ४ (२) कलमानुसार ग्रामसभेची मोकळी, माहितीपूर्ण, लेखी संमती लागते. मुलाखतीत कुणी "जायला हवं" किंवा "जाणार नाही" म्हणालं तर तो त्या माणसाचा त्या दिवसाचा विचार असतो. तो गावाचा निर्णय म्हणून कुठंही छापू नका.

प्रवेशाची परवानगी लागेल. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२, कलम २७ प्रमाणं बाहेरच्यांना अभयारण्यात शिरता येत नाही. कलम २८ मध्ये परवानगीची कारणं दिलीत, त्यात आत राहणाऱ्या व्यक्तीशी कायदेशीर कामकाज हेही एक आहे. अर्जात तारखा, गावं, माणसांची नावं, वाहन नंबर आणि 'फक्त आवाज व स्थिर छायाचित्रं' असं स्पष्ट लिहा. ड्रोन नको.

मलप्रभाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. वकीलसाहेब, तुकडा बदलण्याचा मुद्दा आमच्या डोक्यातच आला नव्हता. अजून दोन गोष्टी विचारतो. एक, जुन्या शिकारीच्या आणि गोव्याच्या हद्दीवरून माल आणण्याच्या गोष्टी लोक रंगवून सांगतात, त्यांचं काय करायचं? दोन, बाई बोलायला लागली की घरातला पुरुष मधेच उत्तर देतो.

वकिली_टाचण

१९७२ आधीची शिकार आणि नंतरची शिकार यांत कायद्यानं जमीन-अस्मानाचा फरक आहे, पण सांगणारा तो ठेवत नाही. विषय त्या बाजूला वळला की रेकॉर्डर बंद करा आणि स्पष्ट सांगा: "मामा, हे ठेवायचं की नको ते तुम्ही ठरवा." ठेवायचं म्हणाले तर नावं, साल आणि जागा वगळून सांगायला सांगा. आधीच बोलून गेले असतील तर तेवढा भाग वेगळ्या फाइलमध्ये काढून बंद ठेवा. वाघाची गुहा, बारापेडे गुंफेतल्या वटवाघळांची जागा, दुर्मीळ औषधी वनस्पती, यांच्या जागाही जाहीर प्रतीत नकोत. गुंफेत राहणारं रॉटनचं वटवाघूळ जगात फार थोड्या ठिकाणी उरलंय.

संमतीपत्र एक पान, मराठीत, मोठ्या अक्षरात. खूण करायच्या जागा चार: नाव द्यायचं की बदलायचं, फोटो चालेल का, गावाबाहेर ऐकवायचं का, किती वर्षं बंद ठेवायचं. वाचता येत नसेल तर मोठ्यानं वाचून दाखवा, ते वाचणं आणि त्यांचा होकार रेकॉर्ड करा, मग अंगठा. साक्षीदार गावातला घ्या, तुमच्यातला नको. आणि "नंतर नको वाटलं तर सांगा, काढून टाकू" हे वाक्य त्यात असलंच पाहिजे, ते पाळायलाही हवं. कागदाची एक प्रत त्यांच्या घरी राहू दे.

जात्यावरची

दुसऱ्या प्रश्नाला उत्तर: तुमच्या चौघांत बाई असायलाच हवी, नसेल तर आधी ती शोधा. त्याच वेळी दुसऱ्या फोनवर दुसऱ्या जोडीनं घरातल्या पुरुषाची मुलाखत पडवीत सुरू करावी, म्हणजे तो तिकडं गुंततो आणि त्याचाही मान राहतो. बायांशी चुलीपाशी किंवा परसात बसा. नाचणी पाखडताना बोलणं छान होतं, पण सुपाचा आवाज सगळं खातो. आधी हात थांबवून बोलणं घ्या, नंतर कामाचा आवाज वेगळा घ्या.

बाळंतपण कुणी केलं, नाळ कुठं पुरली, उपासमारीच्या दिवसात रानातलं काय शिजवलं आणि त्यातलं विष कसं उतरवायचे, पाण्याला किती लांब, सरपण आणताना फॉरेस्ट गार्ड भेटला तर काय. हे पुरुषांना विचारून मिळत नाही.

जात्यावरच्या ओव्या दोनदा रेकॉर्ड करा. एकदा जातं न फिरवता, शब्द नीट कळावेत म्हणून. एकदा जातं फिरवत, कारण चाल त्या फेऱ्यावर बसलेली असते आणि नुसतं बसून गाताना ती बिघडते. दोघी बायका असतील तर दोघींना बसवा, एकटीला ओव्या तुटक आठवतात.

दप्तर_खानापूर

रेकॉर्डिंग झाल्यावरच्या कामाला लोक कंटाळतात आणि सगळं तिथंच अडकतं, म्हणून वेळेचा अंदाज आधीच देतो. एक तासाचं बोलणं उतरवायला सवय झालेल्या माणसाला सहा ते आठ तास लागतात. बोलीत मराठी, कोकणी, कानडी मिसळलेली असेल तर त्याहून जास्त. मशीननं मराठी उतरवणारी सॉफ्टवेअर आहेत, पण आपल्या बोलीवर ती अडखळतात आणि वाईट म्हणजे न बोललेली वाक्यं छान शुद्ध मराठीत घालून ठेवतात. पहिला कच्चा खर्डा म्हणूनही जपून वापरा.

पहिल्या प्रतीत बोललं तसं लिहा. "आमी कुमरी करालतो" असेल तर तेच. वाचकांसाठी सोपी प्रत वेगळी करा. न कळलेल्या जागी अंदाज लिहू नका, मिनिट-सेकंद टाकून जागा मोकळी सोडा आणि गावात जाऊन विचारा.

सगळ्या तासांचं पूर्ण उतरवणं झेपणार नसेल तर दर पाच मिनिटांना दोन ओळींची विषयसूची करा: ०५:०० मीठ, घाटवाट, १०:०० वाडा हलवणं. ही सूची त्याच आठवड्यात व्हायला हवी, लांबणीवर टाकलीत तर कोण कुणाचा मामा हे विसरतं.

फाइलचं नाव: वर्ष-महिना-दिवस, मग गावाची तीन इंग्रजी अक्षरं, मग क्रमांक. देवनागरी अक्षरं आणि मोकळ्या जागा नावात नकोत, काही यंत्रांत मोडतात. प्रत्येक रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला तारीख, गाव, बोलणाऱ्याचं नाव, घेणाऱ्यांची नावं मोठ्यानं बोला, म्हणजे फाइलचं नाव बदललं तरी आतून ओळख पटते. नाव लपवायचं असेल तिथं फक्त क्रमांक बोला, आणि क्रमांक-नावाची वही वेगळ्या ठिकाणी कुलपात ठेवा.

प्रती तीन: एक लॅपटॉपवर, एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर, एक दुसऱ्या गावात दुसऱ्याच्या घरी. तिसरी पेनड्राइव्हवर नको. कार्ड पुसायच्या आधी दोन प्रती झाल्यात आणि दोन्ही वाजवून बघितल्यात याची खात्री करा. पावसाळ्यात डिस्क सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. मूळ फाइलला कधी हात लावायचा नाही. कापायचं, आवाज वाढवायचा तो प्रतीवर.

आणि गावाची प्रत गावात गेली पाहिजे. ज्या घरची मुलाखत त्या घराला मेमरी कार्डावर एमपी-थ्री करून द्या, म्हणजे साध्या फोनवर किंवा छोट्या स्पीकरवर वाजते. त्यासोबत मोठ्या अक्षरातली छापील प्रत. कुटुंब स्थलांतर करणार असेल तर नवा पत्ता आणि दोन नातेवाइकांचे फोन वहीत लिहून घ्या. पाच वर्षांनी 'हे आता खुलं करू का' असं विचारायला तुम्हाला त्यांना शोधावं लागणार आहे.

करवंद_लोंढा

शिवार_नंदगड यांनी आण्यांचं लिहिलंय त्यात थोडी भर. १९५७ नंतर कित्येक वर्षं लोक २५ पैशांना चार आणे आणि ५० पैशांना आठ आणेच म्हणत. त्यामुळं 'चार आणे' किंवा 'आठ आणे' एवढ्यावरून साल मागं ढकलू नका. 'तीन पै', 'सव्वा आणा', 'ढब्बू पैसा' असं काही आलं तर मात्र जुनं असण्याची शक्यता जास्त. मजुरीचा आकडा आला की त्याच दमात विचारा, त्या दिवसाच्या मजुरीत किती शेर तांदूळ यायचा. रुपयांचा आकडा विसरतात, तांदळाचा सहसा विसरत नाहीत.